वायंडिंगचे शून्य टक्के

तो फॉर्म मी भरला. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात दोष द्यायची वेळ आली की सगळे एकमेकांकडे बघतात आणि शेवटी वीजवाल्यांना शिव्या घालून मोकळे होतात. फॉर्म माझ्या अक्षरात आहे आणि त्यातली ती दोन उत्तरं माझीच आहेत.

माझा धाकटा भाऊ पाण्याचे पंप बनवतो. बनवतो म्हणजे खरोखर बनवतो. लेथवर तो स्वतः उभा राहतो, पंपाचं बिडाचं अंग गल्लीच्या टोकाचे ओतारीकाका ओतून देतात आणि मोटरीचं वायंडिंग माझं. मोटरीच्या आत पोलादी पत्र्यांचं एक कडं असतं, त्याला स्टेटर म्हणतात. त्याच्या खाचांमध्ये तांब्याची तार वेढ्यावेढ्याने बसवायची, हे माझं काम. सव्वीस वर्षं झाली. बोटांची टोकं इतकी घट्ट झालीत की उकळत्या चहाचा कप मी कान न धरता उचलते आणि पाहुणे दचकतात.

आमच्याकडे उन्हाळ्यात विजेचा दाब इतका खाली जातो की पंखासुद्धा आळस देतो. बाहेरची मोटर अशा वेळी तापते आणि एका हंगामात जळते. म्हणून मी तार एक नंबर जाड घेते आणि वेढे बेताने कमी ठेवते. हे मला कोणी शिकवलं नाही. जळलेल्या मोटरी उघडून उघडून कळलं. आमचा पंप दिसायला ओबडधोबड आहे, पण बारा-बारा वर्षं कुरकुर करत नाही. ही फुशारकी नाही. बरं, आहे थोडी.

पण गेली दोन-तीन वर्षं धंदा बसत चालला होता. जहाजाने येणारे चकचकीत पंप आमच्या निम्म्या किमतीत मिळायला लागले, आणि बारा वर्षांचा विचार करून पंप घेणारी माणसं कुठे असतात? भाऊ म्हणायला लागला, बंद करू आणि जागा शेजाऱ्याला गोदामासाठी देऊ. शेजारी म्हणजे ज्याला आम्ही पाठीमागे स्टिकर म्हणतो तो. बाहेरून आलेले तयार भाग घ्यायचे, चार स्क्रू पिळायचे आणि वर आपल्या नावाचं स्टिकर चिकटवायचं, हा त्याचा कारखाना. माणूस वाईट नाही. उलट फार गोड बोलतो, तेच डोक्यात जातं.

अशात सरकारची योजना आली. देशातले कारखाने उभे राहिले पाहिजेत, म्हणून सगळ्या सरकारी शाळांना लागणारे पंप इथल्याच कारखानदारांकडून घ्यायचे. अट एकच, पंपातला निम्मा तरी माल इथला असल्याचं प्रमाणपत्र पाहिजे. भाऊ पेपर घेऊन धावत माझ्या टेबलाशी आला.

"ताई, ही योजना कोणीतरी आपल्याकडे बघूनच काढलीय."

मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू? प्रमाणपत्र मिळालं तर कारखाना चालणार आणि मी वायंडिंग करत राहणार. नाही मिळालं तर माझं टेबल उचलून तिथे स्टिकरची खोकी लागणार. एवढा साधा हिशेब होता.

फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'स्थानिक विक्रेत्यांकडून केलेली खरेदी'. मी तिथे ठसठशीत लिहिलं, "काही नाही. सगळं आम्ही स्वतः बनवतो." खाली दुसरा रकाना, 'कामगार व त्यांचे वेतन'. तिथे लिहिलं, "पगारी कोणी नाही. भाऊ आणि बहीण." लिहून झाल्यावर भावाला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, वा. वहिनीसुद्धा वा म्हणाली, आणि ती सहसा माझ्या कशालाच म्हणत नाही.

आम्हाला त्यात अभिमान होता, काय करणार. आमच्या गल्लीत कामाच्या बदल्यात काम चालतं. ओतारीकाका आम्हाला अंगं ओतून देतात, भाऊ त्यांच्या पुल्या कातून देतो. बिल मागणं म्हणजे माझा तुझ्यावर विश्वास नाही असं तोंडावर सांगणं. आणि पगाराचं म्हणाल तर, भावाकडून पगार घ्यायचा म्हणजे भावाच्या हाताखाली नोकरी करायची. ते मला सात जन्मांत जमलं नसतं. लागतील तसे पैसे घरातल्या डब्यातून घ्यायचे, असं आमचं पहिल्यापासून चालू आहे.

तीन आठवड्यांनी तपासणीला एक बाई आल्या. वयाने माझ्या अर्ध्या, बुटांवर धूळ, खांद्यावर लॅपटॉपची पिशवी. मला मावशी म्हणाल्या, तेही मी गिळलं. पंप सुटा करून त्यांनी एकेक भाग फडक्यावर मांडायला लावला आणि प्रत्येकाचं बिल मागितलं. बिलं होती ती तारेची, बेअरिंगची, कपॅसिटरची आणि पत्र्याची, आणि हे सगळं बाहेरच्या देशातून येतं, कारण इथे ते होतच नाही. इथली बिलं निघाली तीन. रंग, स्क्रू आणि पुठ्ठ्याचं खोकं.

"या अंगाचं बिल?"

ओतारीकाका दारातच उभे होते. "बिल कसलं? मी याला अंग ओतून देतो, तो माझ्या पुल्या कातून देतो."

"मग याची किंमत मला शून्य धरावी लागेल."

"शून्य?" काका आत आले. "जरा उचलून दाखवा बरं तुमचं शून्य."

बाई हसल्या नाहीत, पण त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी स्टेटर हातात घेतला आणि वेढ्यांवरून बोट फिरवलं, हळूच, एखादं भरतकाम बघावं तसं. "हे कोण करतं?"

"मी."

"पगाराची नोंद?"

"नाही. घरचंच आहे ना."

त्यांनी लॅपटॉपमध्ये आकडे भरले. "मावशी, नियम असा आहे की ज्याचं बिल नाही किंवा वेतन नाही, ते मोजता येत नाही. तुमचा पंप नऊ टक्के इथला होतो."

नऊ टक्के. म्हणजे रंग, स्क्रू आणि खोकं. माझ्या सव्वीस वर्षांपेक्षा पुठ्ठ्याचं खोकं जास्त देशी निघालं. मला रडू आलं नाही, संताप आला, आणि समोर धरून झोडपावं असं कोणी नव्हतं. ती पोर तर पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं पीत होती. मी विचारलं, आजपासून पगार लावला तर? आजपासून बिलं केली तर? त्या म्हणाल्या, नोंदणी झालेल्या विक्रेत्याचीच बिलं चालतात आणि पगाराची मागच्या तीन वर्षांची नोंद लागते. अर्जाची मुदत महिनाअखेरीपर्यंत आहे.

"आणि शेजारच्यांचे किती टक्के आले?" भावाने विचारलं.

त्यांनी सांगायला नको होतं, पण सांगितलं. एक्याऐंशी.

स्टिकर सगळे तयार भाग शहरातल्या एका व्यापाऱ्याकडून घेतो. व्यापारी ते बाहेरून मागवतो, पण बिल देतो शहरातलं, पक्कं, शिक्क्याचं. फॉर्ममध्ये विचारलंय एवढंच, कोणाकडून घेतलं. त्या व्यापाऱ्याने कुठून आणलं ते विचारायला रकानाच नाही. जहाजातून उतरलेला माल त्याच्या दुकानात एक मुक्काम करतो आणि इथला होतो. मी इथेच जन्मले, पण माझं बिल नाही.

शेवटी रविवारी भावाने विषय काढला. अंगं आणि स्टेटर दोन्ही त्या व्यापाऱ्याकडून तयार घ्यायचे. आपण जोडायचं फक्त. मुदत संपायच्या आत नवीन अर्ज करायचा.

"मग मी काय करू?" मी म्हटलं.

"तू देखरेख कर."

"कशावर? स्क्रूवर?"

"ताई, माझ्यावर कशाला चिडतेस?" त्याचा आवाज चढला. "तुझं वायंडिंग ठेवलं तर कारखाना जातो. वायंडिंग सोडलं तर कारखाना राहतो. मला तर दुसरं काही सुचत नाही. तुला सुचत असेल तर सांग, मी ऐकतो."

मी खूप आठवून बघितलं. मंत्र्यांना पत्र लिहावं, गल्लीतल्या सगळ्यांना घेऊन मोर्चा न्यावा, त्या व्यापाऱ्याचं नाव पेपरात द्यावं. सगळं महिनाअखेरीनंतरचं होतं. आणि फॉर्म तर माझ्याच अक्षरातला. मी म्हटलं, घे. ओतारीकाकांना सांगायला भाऊ एकटाच गेला आणि परत आल्यावर जेवला नाही.

चौऱ्याहत्तर टक्के आले. तीनशे पंपांचं काम मिळालं. जोडणीसाठी चार माणसं ठेवली, त्यांना पगार, पगाराला नोंद, सगळं कसं रीतसर. त्यातल्या एकाचं लग्न ठरलं ते या नोकरीवर. मी खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. काका भट्टी आठवड्यातून एकदा पेटवायचे आणि आमच्या दारावरून जाताना दुसऱ्या बाजूला बघायचे. त्यांना काय बोलणार?

उन्हाळा आला आणि पंप परत यायला लागले. आधी तीन, मग अकरा, मग छोट्या ट्रकने. स्टेटर काळेठिक्कर, जळक्या वार्निशचा वास. मला माहीत होतं, आणि मी सांगितलंही होतं, पण सांगितलं होतं म्हणून काय उपयोग? शाळांमधून फोन येत होते, पोरं घरून पाणी आणतायत म्हणून. व्यापारी म्हणाला, बदली माल दोन महिन्यांनी. मी कोणाला विचारलं नाही. टेबल ओढलं, जळकी तार उपसून काढली आणि माझ्या पद्धतीने, एक नंबर जाड तारेने, भरायला बसले. बावन्न स्टेटर भरले पाच आठवड्यांत. कंबरेची वाट लागली. पण खरं सांगते, वर्षभरात मला इतकं बरं वाटलं नव्हतं. ते बावन्न पंप परत गेले आणि त्यातला एकही उलटून आला नाही.

मग प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाला त्याच बाई आल्या. सकाळी भावाने मला बाजूला घेतलं. घरी काही भाग बनवून पंपात घातला असं कळलं तर त्या पंपाचे टक्के नव्याने मोजतात, आणि बावन्न पंपांचे टक्के घसरले तर प्रमाणपत्र रद्द. "चार माणसांची पोटं आहेत, ताई," एवढंच म्हणाला. माझं टेबल त्याने आधीच ताडपत्रीखाली झाकलं होतं.

बाईंनी बिलं बघितली, माणसं मोजली, सह्या घेतल्या. सगळं ठीक निघालं. मग लॅपटॉप बंद करून त्या माझ्याकडे वळल्या.

"मावशी, एक विचारायचं होतं. मी शाळांमध्ये फिरले. सगळ्या कारखान्यांचे पंप जळलेत, तुमचेही जळले. पण तुमच्याकडून दुरुस्त होऊन आलेले बावन्न पंप कुठेच बंद नाहीत. मुख्याध्यापक स्वतः सांगतात. त्या स्टेटरमध्ये काहीतरी वेगळं आहे. कोणी केले ते?"

खरंच जाणून घ्यायचं होतं तिला. वही उघडून, पेनाचं टोपण काढून उभी होती. सव्वीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. भाऊ लेथपाशी उभा होता आणि लेथ बंद असूनही पुसत होता. जोडणीवाले चौघं काम थांबवून ऐकत होते, लग्न ठरलेला पोरगा सर्वांत पुढे.

"आम्ही नाही केले," मी म्हटलं. "व्यापाऱ्याने बदलून दिले."

"त्यांचाच माल आहे?"

"हो. त्यांचाच."

"मग हे फार महत्त्वाचं आहे. पुढच्या वर्षी सगळ्या कारखानदारांना त्यांच्याकडूनच स्टेटर घ्यायला सांगता येईल. नाव काय त्यांचं?"

मी नाव सांगितलं. तिला नीट ऐकू गेलं नाही म्हणून परत सांगितलं, आणि दुकानाचा पत्ताही दिला.