माथ्यावर न पोहोचलेला डिफरन्शियल

मित्रांनो, गाडी म्हटली की तुम्ही तिचा रंग बघता, दिवे बघता, फार तर इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकता. खाली वाकून मागच्या दोन चाकांच्या मध्ये कोण बसलंय, हे कोणी बघत नाही. तिथे बावीस वर्षं मी होतो. मी एका दोन माणसांच्या, जुन्या स्पोर्ट्‌स कारचा डिफरन्शियल आहे. दिसायला लहान भोपळ्याएवढा, काळा आणि सदा तेलकट.

इंजिनाची ताकद लांब दांड्यातून माझ्याकडे येई आणि मी ती दोन्ही चाकांना वाटून देई. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. दोघांची ओढाताण होऊ द्यायची नाही, हे माझं काम. घरात मधल्या भावाच्या नशिबी जे येतं, तेच. माझ्या पोटात दोन दातेरी चक्रं आहेत, एक मोठं, एक लहान. कारखान्यात ती एकमेकांवर घासून जुळवली गेली आणि जन्मभर जोडीनेच फिरली.

आमचे मालक घड्याळं दुरुस्त करत, म्हणून गल्लीत सगळे त्यांना काटेकाका म्हणत. माझं तेल ते स्वतः तपासत. करंगळी बुडवायची, तेल दोन बोटांत चोळायचं आणि मान डोलवायची. सुट्टीच्या दिवशी ते आणि काकू घाट चढून माथ्यावर जात. तिथून समुद्र दिसतो म्हणे. मला कुठला दिसायला! मी आपला रस्त्याकडे तोंड करून. पण वरून काकांचा आवाज येई, “बघ, वळणावर कशी लोण्यासारखी चालते!” आणि काकू म्हणत, “मग हिच्याशीच लग्न करायचं होतंत!” तेव्हा मला फार बरं वाटे.

मग काकू गेल्या. काकांनी गाडीवर ताडपत्री घातली, ती आठ वर्षं निघाली नाही. उभी गाडी झिजत नाही, असं सगळ्यांना वाटतं. मित्रांनो, ते खरं नाही. माझ्या तोंडाशी असलेलं रबर वाळून चिरलं आणि थेंब थेंब करत माझं तेल फरशीवर गळून गेलं. वर घरात काका एकटे होते. त्यांची लेक दूरच्या शहरात नोकरीला होती. फोन करायची, पण यायला सवड नसे.

एक दिवस ती आली, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं की काकांची नजर काही महिन्यांत जाणार.

“बाबा, कुठे जायचंय तुम्हाला?”

“माथ्यावर. दिसतंय तोवर एकदा बघून घेतो.”

लेकीने नवी बॅटरी बसवली, चाकांत हवा भरली, इंजिनाचं तेल बदललं. माझी आठवण कुणालाच झाली नाही. तिसऱ्या वळणावर मी तापलो, किंचाळलो.

“थांबव गाडी,” काका म्हणाले.

“टायरचा आवाज असेल, बाबा.”

“टायरचा नाही. दात तुटलाय. आयुष्यभर दातेरी चाकांचा आवाज ऐकलाय मी.”

गाडी ओढून गॅरेजमध्ये आणली. मिस्त्रींनी माझं बूच उघडलं, तर चमचाभर काळा गाळ निघाला आणि त्यात चमचमणारा लोखंडाचा चुरा.

“तुटलेलं चक्र तेवढं बदला ना,” लेक म्हणाली.

“एकटं बदलून चालत नाही, ताई. ही जोडीनं झिजलेली असतात. जुन्याचं नव्याशी जुळत नाही. अख्खा डिफरन्शियलच बदलावा लागेल.”

काकांनी तो चुरा दोन बोटांत चोळला. मग म्हणाले, “बरोबर आहे.”

तशाच एका मोडीत निघालेल्या गाडीचा डिफरन्शियल मिळायला पाच आठवडे लागले. काका चौकशीला येत. दर वेळी दाराचा उंबरा पायाने चाचपायला त्यांना जरा जास्त वेळ लागे. शेवटी मिस्त्रींनी दांडा सोडवला, दोन्ही बाजूंचे एक्सल मोकळे केले, माझे बोल्ट काढले. शेवटचा बोल्ट सुटेपर्यंत मला वेडी आशा होती.

“मीच तेल बघायला हवं होतं,” लेक म्हणाली.

“तू आज आलीस. मी तर आठ वर्षं त्याच घरात होतो.”

माझ्या जागी दुसरा बसला आणि गाडी गेली. कोपऱ्यावर वळताना तिचा जराही आवाज झाला नाही.

पंधरा दिवसांनी तेल तपासायला ती परत आली.

“पोहोचलात का माथ्यावर?” मिस्त्रींनी विचारलं.

“पोहोचलो, पण उशीर झाला होता,” लेक म्हणाली. “बाबांना समोर नुसता उजेड दिसत होता. मला रडूच आलं. तर म्हणतात, रडतेस कशाला? तू सांग, मी बघतो. मग मी पाण्याचा रंग सांगितला, सहा होड्या आहेत म्हटलं. तर म्हणाले, उजवीकडच्या खडकामागे बघ, तिथे एक असते.”

“मग?”

“होती!”

स्टुलावर बसलेले काका लहान मुलासारखे हसले. आता दर महिन्याला बापलेक वर जातात. मी गॅरेजमध्ये खिडकीखाली पडून आहे. उरलेले सगळे दात देईन, पण पुन्हा एकदा तो घाट चढायला मिळावा, असं फार वाटतं. आता ते होणे नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी कोपऱ्यात, काही न मागता बसलेलं असेल. त्याचा आवाज येण्याची वाट बघू नका. आजच वाकून बघा.