ब्रिताच्या माघारी पाणी

हाल्दोरने फोनवर सांगितलं ते असं, की या खेपेची बिअर शेवटची. "माझ्या हाताची चव गेली, पोरी. बिअर आंबवायचं विरजण तू बर्गनला, तुझ्या शहरात, घेऊन जा, जपून ठेव. तांब्याची कढई कुणाला हवी असेल तर देऊन टाकू." आणि मग हवापाण्याचं काहीतरी बोलून त्याने फोन ठेवला. शहात्तर वर्षांच्या माणसाने एखादी गोष्ट सोडतो म्हटलं तर आपण काय बोलणार? पण तोरुन त्याची मुलगी. तिने बॅग भरली आणि पहिल्या गाडीने घाटातल्या त्या शेतघरावर येऊन थडकली.

ऑक्टोबर अर्धा सरला होता. धुकं फ्योर्डवरून, डोंगरांत शिरलेल्या त्या खाडीवरून, उठायचं आणि कुरणाच्या निम्म्यावर येऊन बसायचं, तिथून पुढे जायचा कंटाळा केल्यासारखं. मेंढ्या डोंगरावरून खाली आणलेल्या होत्या. अंगणापलीकडच्या चूलघरातून सकाळपासून धूर निघत होता. आत कढईत ज्यूनिपरच्या काटेरी झुडपाच्या फांद्या पाण्यात उकळत होत्या आणि तो वास नाकात शिरला तशी तोरुन सात वर्षांची झाली. आई दाराशी आहे, खांद्यावर कावड, दोन्ही बाजूंना बादल्या, पायात वडिलांचे मोठे बूट. "सरक गं बाजूला, पाणी येतंय," असं ती म्हणायची, जणू पाणी आपलं आपणच चालत येत होतं.

पाणी ब्रिताचं, विरजण हाल्दोरचं. या घरात बिअरची वाटणी अशी होती आणि गावाला ती ठाऊक होती. ब्रिता वरच्या ओढ्याचं पाणी आणायची. तीन वर्षांपूर्वी ती गेली आणि त्यानंतरची प्रत्येक बिअर तुरट उतरली. साधी तुरट नाही, चहाची पूड तासभर उकळली तर जीभ जशी खरखरीत होते तशी. पिंपं भरायच्या दिवशी शेजारी न बोलावता येतात, तो इथला रिवाजच आहे. ते यायचे, लाकडी वाडग्यातून पहिला घोट घ्यायचे आणि गप्प व्हायचे. मग कुणीतरी म्हणायचं, "ब्रिता असती तर..." बाकीचे माना हलवायचे. वाईट झालीय असं तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. बिअर रुसली, एवढंच गावाने ठरवून टाकलं. हाल्दोरनेही तेच धरून ठेवलं होतं, घट्ट.

तोरुनला मात्र संशय होता. बर्गनच्या स्वयंपाकघरात तीही छोट्या भांड्यात बिअर करायची आणि तिच्या पिशवीत आंबटपणा मोजायचं, पेनाएवढं एक यंत्र होतं. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू, गरम पाण्यात भिजून लापशीसारखं झालं, तेव्हा तिने त्यातला चमचाभर रस बशीत गार केला आणि यंत्राचं टोक त्यात बुडवलं.

"ताप आहे का त्याला?" हाल्दोरने विचारलं.

"पाच पॉइंट नऊ."

"बरं की वाईट?"

"वाईट. पाच पॉइंट तीनच्या आसपास हवं. आकडा मोठा म्हणजे आंबटपणा कमी, बाबा. मग माल्टच्या फोलातला सगळा तुरटपणा पाण्यात उतरतो."

"आमच्या आजोबांकडे असलं पेन नव्हतं."

"आजोबांकडे ओढा होता."

हाल्दोर लाकडी वल्ह्याने लगदा ढवळत राहिला. वाफेत त्याचा चेहरा येत होता, जात होता. तोरुनने सगळं सरळ सांगून टाकलं. ओढ्याचं पाणी कातळावरून यायचं, मऊ, क्षारांपासून अगदी मोकळं. आई गेली त्याच शरद ऋतूत वीजवाल्यांनी ओढा पाइपात घातला आणि घरात नळ आला. नळाचं पाणी चुनखडीतून सोडतात, पाइप गंजू नयेत म्हणून. पाइपांचं भलं होतं, माल्टचं वाटोळं. मग तिने खिशातून छोटी बाटली काढली.

"हे काय, औषध?"

"लॅक्टिक ॲसिड. आंबलेल्या दुधात असतं तेच. थोडंसंच घालायचं."

"म्हणजे," हाल्दोर हळूच म्हणाला आणि वल्हं थांबवलं, "ती गेली त्याचा आणि चव गेली त्याचा काही संबंध नाही, असं तुझं म्हणणं."

येताना गाडीत तिने हे सगळं शंभरदा मनात घोळवलं होतं, बाबा खूश होईल, हाताला पुन्हा हुरूप येईल. हा प्रश्न तिला सुचलाच नव्हता. नाही म्हणणं म्हणजे आईला अजून एकदा घराबाहेर काढण्यासारखं होतं. पण खोटं बोलायचं तर हा माणूस कढई देऊन मोकळा होणार.

"नाही, बाबा. काही संबंध नाही."

त्याने वल्हं कडेला टेकवलं. बाहेर धुक्यात कुठेतरी मेंढीच्या गळ्यातली घंटा वाजली.

"घाल," तो म्हणाला.

तिने थेंब थेंब घातलं, ढवळलं, मोजलं, पुन्हा घातलं. आकडा खाली आला. रसाचा रंगही उजळल्यासारखा वाटला, किंवा तिला तसा भास झाला. त्या खोलीत त्या दुपारी खरं आणि भास वेगळं करणं अवघडच होतं. गोड रस गाळून निवेपर्यंत ती बाकावर पेंगत होती आणि अर्धवट झोपेत कुणीतरी ओले बूट दाराशी झटकत होतं.

विरजण घालताना मोठ्याने ओरडायचं असतं, त्याने बिअरला जोम येतो. हाल्दोरने तीन वर्षं ओरडणं सोडलं होतं. त्याने मुकाट्याने विरजण ओतलं, तेव्हा तोरुननेच आरोळी ठोकली.

"मेंढ्या पळाल्या बघ," तो म्हणाला. पण ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसला.

विरजण जुनं आणि तरतरीत, दोन दिवसांत त्याने काम उरकलं. तिसऱ्या दिवशी पिंपं भरायला घेतली आणि शेजारचा मोन्स नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी हजर झाला. त्याच्यामागून त्याची बायको मार्ता, मग वरच्या वस्तीतले दोघे भाऊ. चूलघर भरलं. मोन्सने वाडगा तोंडाला लावताना आधीच चेहरा गंभीर केला होता. घोट गिळला. थांबला. मग वाडगा रिकामाच करून खाली ठेवला.

"अरे माणसा!" तो म्हणाला. "भर, भर अजून!"

मग काय विचारता! वाडगा फिरला, पुन्हा भरला, पुन्हा फिरला. मार्ताने वाळवलेलं मटण कापलं. एका भावाने न मारलेल्या हरणाची गोष्ट सुरू केली, दुसऱ्याने ती खोडून काढली. पाऊस, मेंढ्यांचा भाव, कुणाचा तरी खड्ड्यात गेलेला ट्रॅक्टर. तोरुन भिंतीला टेकून सुखाने बघत होती. जिंकले, असंच तिला वाटत होतं. मग तिची नजर वडिलांकडे गेली. हाल्दोर पिंपाजवळच्या ओंडक्यावर बसला होता, हातातला वाडगा भरलेलाच.

ती त्याच्याजवळ जाऊन वाकली. "आवडली नाही?"

"फक्कड झालीय. अगदी जुनी चव." तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "आज कुणी तिचं नाव नाही काढलं."

खरंच की. दरवर्षी पहिल्या घोटाला आईचं नाव निघायचं. तिने बिअर दुरुस्त केली आणि तेच नेमकं पुसून टाकलं.

"बाबा, मी... मला कळलंच नाही रे."

"तू काही चुकली नाहीस. इतके दिवस तिच्याबद्दल बिअरच बोलायची, मी आपला गप्प बसायचो. सोपं होतं ते." त्याने गुडघ्यावर हात टेकले आणि उठला. "ए, गप्प बसा जरा!"

सगळे त्याच्याकडे वळले.

"तुम्हाला एक सांगतो. ब्रिताला माझी बिअर आवडायची नाही."

मार्ताची सुरी मटणात तशीच राहिली.

"बेचाळीस वर्षं पाणी वाहिलं तिने. एक वाडगा कधी आवडीने प्यायली नाही. म्हणायची, गाईला पाजलीस तर गाय दूध द्यायची बंद होईल."

मोन्सने घसा खाकरला. "तिचा वाडगा मी संपवायचो," तो म्हणाला. "दर वेळी. हळूच माझ्याकडे सरकवायची."

"तू!" हाल्दोर ओरडला. "म्हणून तू कायम तिच्या शेजारी बसायचास होय रे चोरा! आणि मी म्हणतोय, बाई प्यायली, एकदाची प्यायली!"

हशा असा उठला की छपरावरची काजळी खाली आली. मार्ता म्हणाली, माझ्याही फुलझाडांना तिने पाजलीय, अरे, ती झाडं मेली. भावांनाही काही काही आठवलं. हाल्दोर मध्येच तोडायचा, असं नव्हे, असं झालं, आणि स्वतः सांगत सुटायचा, ब्रिता अशी, ब्रिता तशी. वाडगा आता तो बोलता बोलता पीत होता.

तोरुन उंबऱ्यावर जाऊन बसली. आई गेल्यापासून तिला मनासारखं रडता आलं नव्हतं. आता आलं, आणि आत इतका गोंगाट होता की कुणाच्या लक्षातही आलं नाही.