एका टोकाला चौघे

मी एक जुना, लांबलचक लाकडी बाक आहे, मित्रांनो. बाकाला कुठे बोलता येतं, असं तुम्ही म्हणाल. पण कुणी वजनदार माणूस येऊन बसला की मी कुरकुरतो ना? तेच माझं बोलणं. आज जरा सविस्तर कुरकुरणार आहे, तेवढं ऐकून घ्या.

माझ्या फळ्या आधी पुलाच्या होत्या. आमच्या नदीवर पूर्वी लाकडी पूल होता. पुढे दगडी पूल बांधला आणि लाकडी उतरवला. त्यातल्या धडधाकट फळ्या एका सुताराने घरी आणल्या. तो सुतार मोठा भाविक. रंधा मारतानाही तोंडाने देवाचं नाव चाललेलं असायचं, आणि सूर वर गेला की रंधाही लांब जायचा. त्याने मला प्रार्थनाघरासाठी घडवलं. तिथला चौथरा अरुंद आणि मी हा एवढा लांब. म्हणून त्याने माझे पाय टोकांना न लावता बरेच आत लावले. माझी दोन्ही टोकं पंखांसारखी बाहेर राहिली. दिसायला मी झोकदार दिसत असे, पण एक खोड अंगाला चिकटली ती चिकटलीच. सगळा भार एका टोकाला पडला की माझं दुसरं टोक वर उचललं जाई. गाणाऱ्या मंडळींना हे ठाऊक होतं. ती आपली मधोमध बसत.

मित्रांनो, ती वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्याची. गुरुजी गाऊन प्रवचन सांगत. आधी एक ओळ गात, मग तिचा अर्थ हसतखेळत उलगडत, मग पुन्हा तीच ओळ, आणि आता ती ऐकणाऱ्याला निराळीच लागे. साथीला बसलेल्यांचे पाय ताल धरत आणि तो ताल माझ्या फळ्यांतून फिरे. देव कुठे असतो, हे मला सांगता यायचं नाही. पण सगळी माणसं एका सुरात आली की माझ्या अंगावरून काहीतरी सरसरून जात असे, एवढं खरं.

प्रवचनाला नदीपलीकडूनही माणसं येत. त्यांत मांडववाल्या काकांची बहीण असायची. काका सभा-समारंभांचे मांडव घालायचे. बहीण लग्न होऊन पलीकडे गेली होती. तिची मुलगी, म्हणजे काकांची भाची, दिवसांत होती. तिचं पहिलं बाळंतपण घरीच झालं, अडलं, आणि ते मूल हाती लागलं नव्हतं. या खेपेला दवाखान्यातच यायचं, असं डॉक्टरीणबाईंनी तिला बजावून सांगितलं होतं. आणि दवाखाना एकच, नदीच्या अलीकडे, आमच्या गावात.

त्याच सुमारास निवडणूक लागली. एका पक्षाने उमेदवार उभा केला. लोक त्याला ‘तोफ’ म्हणत, कारण तो बोलायला लागला की समोरच्याने कान झाकावेत. पहिल्याच सभेत तोफ कडाडली, "दवाखाना आपल्या पैशांचा! पलीकडच्या बायकांनी इथे बाळंत व्हायला का यायचं? मला निवडून द्या, पुलाच्या तोंडाशी फाटक लावतो की नाही बघा!"

टाळ्या पडल्या. मग वर्तमानपत्रांत आलं आणि गावभर बोभाटा झाला. पक्षाच्या पुढाऱ्यांची पळापळ सुरू झाली. साहेब, म्हणजे पक्षाचे अध्यक्ष, म्हणाले, "ते त्यांचं वैयक्तिक मत आहे." पक्षाचे वकील म्हणाले, "ते वाक्य मागचं-पुढचं सोडून उचललंय." ताई पक्षातल्या मोठ्या कार्यकर्त्या, दवाखान्याच्या समितीवरही होत्या. त्या म्हणाल्या, "मी ते भाषण ऐकलेलंच नाही." म्हातारे आप्पा तर कानामागे हात धरून म्हणाले, "हल्ली मला कमी ऐकू येतं." पोस्टरवर पाच जणांचे फोटो होते. एका सकाळी बघावं तर चौघांनी आपापल्या तोंडांवर पांढरा कागद डकवून घेतलेला!

पण ‘हा माणूस चुकतोय’ एवढे तीन शब्द कुणाच्या तोंडून निघाले नाहीत. तोफेच्या मागे मतं होती ना! ती तर सगळ्यांनाच हवी होती.

शेवटच्या मोठ्या सभेचा मांडव काकांकडे आला. प्रवचन संपल्यावर बहिणीने त्यांना माझ्याजवळच गाठलं.

"दादा, त्या मेल्याच्या सभेला मांडव तू घालणार?"

"धंदा आहे गं. मी नाही घातला तर दुसरा कुणी घालेल."

"मग घालू दे ना दुसऱ्याला! पोरीकडे बघ जरा. फाटक लागलं तर कुठे न्यायची तिला? तुझ्या मांडवात?"

भाची म्हणाली, "आई, मामाला नको ना बोलूस." ती माझ्यावर टेकली होती आणि एक हात पोटावर होता.  काका माझी धूळ झटकत राहिले. झटकण्यासारखी धूळ नव्हतीच.

आता मी त्या सभेत कसा पोचलो, ते ऐका. वकिलांनी खुर्च्यांवरून काकांचं डोकं खाल्लं होतं. तोफेशेजारची खुर्ची कुणालाच नको होती. आदल्या दिवशी सकाळी निरोप आला, ताईंची खुर्ची डावीकडे न्या. दुपारी आला, साहेबांची उजवीकडे. नंतर आला, मधे फुलांची कुंडी ठेवा, जरा उंच झाडाची. शेवटी काका वैतागले. "वकीलसाहेब, मी एकच लांब बाक ठेवतो. कुणी कुठे बसायचं ते तुमचं तुम्ही बघा!" गुरुजींना विचारून ते मला घेऊन गेले. टोकाला बसू नका, हे मात्र सांगायचं राहूनच गेलं. डोक्यात भाची होती, दुसरं काही नव्हतंच.

सभा भर दुपारी होती. मैदान गच्च भरलं होतं. तोफ आली आणि माझ्या मधोमध बसली. डावीकडे साहेब आणि वकील बसले, उजवीकडे ताई आणि आप्पा. फोटोवाल्याने कॅमेरा उचलला मात्र, साहेब थोडे सरकले. वकील त्यांच्या आधी सरकले. ताईंनी मधे पर्स ठेवली. मग ती बाजू सुरक्षित वाटेना म्हणून त्या उठल्या, मागून वळसा घालून डाव्या बाजूला येऊन बसल्या. आप्पा एकटे पडले. तेही काठी टेकत टेकत तिकडेच आले.

"अहो आप्पा, पायावर बसलात माझ्या!" ताई कळवळल्या.

"काय म्हणता? ऐकू येत नाही."

"आणखी सरका ना वकीलसाहेब!"

"कुठे सरकू साहेब? पुढे बाक नाही, हवा आहे."

इकडे चौघे एकमेकांच्या मांडीवर चढायच्या बेतात आलेले. आणि तोफ? मोकळी जागा बघून ती खुशाल उजव्या टोकाला पसरली. माझी काय अवस्था झाली असेल! एका टोकाला तो एकटा, दुसऱ्या टोकाला हे चौघे, आणि मी दम धरून उभा. चौघांना वाटत होतं, आपण त्याच्यापासून सुटलो. पण मित्रांनो, मला माझ्या फळ्यांत कळत होतं. ते जमिनीवर आले नव्हते, ते त्याच्या वजनामुळे. तो पलीकडे बसला होता म्हणून हे इकडे बसू शकत होते.

सूत्रसंचालकाने तोफेचं नाव पुकारलं. तोफ उठली.

आणि मी उलटलो. डावं टोक धाडकन खाली गेलं. साहेब वकिलांवर, ताई साहेबांवर आणि आप्पा सगळ्यांवर! फुलांची कुंडी आडवी झाली. माझा एक पाय काडकन मोडला. मैदान असं हसलं की मांडवाचं कापड हललं.

तोफेने माईक हातात घेतला. मागे वळून तो खो खो हसला. "बघा मंडळी! मी नुसता उठलो, तर हे सगळे आडवे! माझ्याशिवाय बसता तरी येतं का यांना?"

लोक आणखी हसले. काका धावत आले आणि त्यांनी ताईंना हात दिला. "ताई, लागलं का हो?"

"लागलं," ताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "पण पडल्याचं नाही. तो म्हणतोय ते लागलं."

काका हळूच म्हणाले, "ताई, माझी भाची पलीकडची आहे. दिवस भरत आलेत तिचे. पहिल्या वेळेला मूल गेलं. नुसतं लांब सरकून बसलात तर फाटक लागायचं थांबतं का, ताई? तिने कुठे जायचं ते तरी सांगा."

 ताई काकांचा हात धरून उठल्या. एका पायात चप्पल नव्हती. तशाच गेल्या आणि त्यांनी माईकसाठी हात पुढे केला. तोफेला वाटलं, ताई हसण्यावारी नेणार. त्याने माईक दिला.

"मी म्हणत होते की यांचं ते भाषण मी ऐकलं नाही," ताई म्हणाल्या. "खोटं बोलले मी. ऐकलं होतं. घरी जाऊन पुन्हा ऐकलं होतं. मतं जातील म्हणून गप्प बसले. आता सांगते. हा माणूस चुकतोय. याला मत द्या असं मी सांगणार नाही. आणि मी समितीवर आहे तोवर दवाखान्याचं दार कुणाही बाईला बंद होणार नाही. अलीकडची असो नाहीतर पलीकडची."

"ताई!" तोफ ओरडली. "पुढच्या वेळी तिकीट नाही मिळायचं तुम्हाला!"

"नको मिळू दे. घरी बसेन. स्वतःच्या खुर्चीवर बसेन!"

लोक पुन्हा हसले, पण आता ते ताईंबरोबर हसत होते. आप्पा काठी शोधत उठले आणि ताईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले. तेही म्हणाले, "हा चुकतोय." त्या दिवशी आप्पांना सगळं स्वच्छ ऐकू आलं. साहेब मात्र कंबर धरून, ‘बघू, विचार करू’ असं पुटपुटत मांडवामागून निघून गेले. आणि वकिलांनी वर्तमानपत्रवाल्यांना काय सांगावं? "बाक सदोष होता."

झालं! सगळं खापर माझ्यावर फुटलं. मोडका पाय घेऊन मी काकांच्या गोदामात जाऊन पडलो. अंगावर दोरखंडांची भेंडोळी टाकली गेली, वरून फाटकी कापडं आली, मग माझी कुणाला आठवण राहिली नाही. गावात मला ‘पाडणारा बाक’ म्हणायला लागले होते. प्रार्थनाघरातलं गाणं तिथवर पोचत नसे. त्या अंधारात मला एकच घोर होता. फाटक लागलं की काय?

एके दिवशी गोदामाचं दार उघडलं. काका आत आले. त्यांना कुणाला तरी सांगायचंच होतं आणि समोर मीच होतो. "पडला रे!" ते म्हणाले. "तोफ पडली! फाटक नाही नि बिटक नाही!" त्यांनी दोरखंड बाजूला केले आणि माझ्या उचललेल्या टोकाला ते टेकून उभे राहिले.  नुसते हात फिरवत राहिले माझ्यावरून. मोडक्या पायाचं दुखणं मी त्या दिवशी विसरलो.

पुढे काकांनी मला सुताराच्या मुलीकडे नेलं. सुतार आता थकला आहे, करवत तीच चालवते. तिने मला नवा पाय केला. सगळे पाय पार टोकांना नेऊन ठोकले आणि म्हणाली, "आता हत्ती येऊन टोकाला बसला तरी हरकत नाही." दवाखान्याच्या ओसरीत बसायला जागा पुरत नव्हती, म्हणून गुरुजींनी मला तिथे देऊन टाकलं.

एका सकाळी काकांच्या भाचीला तिथे आणलं. पुलावरून सरळ आणलं, कुणी अडवलं नाही, कुणी काही विचारलं नाही. ती आत गेली. बाहेर माझ्यावर काकांची बहीण बसली आणि जावई बसला. काका बसेनात. येरझारा घालत राहिले. थोड्या वेळाने ताई आल्या. समितीचं काम होतं म्हणाल्या, पण हातात कागद नव्हता. उभ्या राहून त्या आतल्या दाराकडे बघत होत्या. काकांची बहीण म्हणाली, "उभ्या का ताई? बसा की." ताई तिच्याजवळ बसल्या.

आतून ओरडणं येत होतं. मग आत सगळं गप्प झालं. मित्रांनो, त्या गप्प होण्याची मला भीती वाटली. बहिणीने डोळे मिटले आणि ती गुरुजींची एक ओळ अगदी हलक्या आवाजात गुणगुणायला लागली. ताईंना ती ओळ येत नव्हती, तरी त्यांनी सूर धरला. जावयाचा पाय ताल धरायला लागला. कितीतरी दिवसांनी तो ताल माझ्या फळ्यांतून फिरला.

आणि मग रडणं ऐकू आलं. बारीक, रागावलेलं, ठणठणीत रडणं!

नर्सबाई दार उघडून म्हणाल्या, "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

काका मटकन माझ्यावर बसले. बहीण त्यांना म्हणाली, "रडतोस काय दादा, पेढे आणायचे सोडून!" आणि स्वतःच रडायला लागली.

मित्रांनो, मी आता इथेच असतो. आता तुम्हीही माझ्यावर बसला आहात, तर नखांनी नावं कोरू नका. भिजलेल्या छत्र्या माझ्यावर ठेवू नका, लाकूड कुजतं. वर्षाकाठी थोडं तेल पुसलंत तर मी अजून पुष्कळ माणसं पेलीन. आणि कुणी चुकतंय असं मनातून वाटलं, तर तिथून नुसते सरकू नका. उभे राहा आणि तसं सांगा. पाय लटपटले तरी चालतील.

बरं, आता उठा पाहू. आतून तुमच्या नावाची हाक आली आहे. घाबरू नका, डॉक्टरीणबाई फार मायेच्या आहेत. नाव नोंदवायला गेलेली तुमची आई येईपर्यंत तिची जागा मी धरून ठेवतो.