सरक

ताईंनी मायक्रोस्कोपखालची स्लाइड पुन्हा जराशी डावीकडे ढकलली. पेशींचा तो घोळका होता तसाच होता. केंद्रकं थोडी मोठी, थोडी गडद. नॉर्मल म्हणायला मन धजेना, कॅन्सर म्हणायला जीभ रेटेना.

पूर्वी अशा वेळी त्या टेबलावर पेन्सिल वाजवायच्या. शेजारची भिंगरी उठून यायची आणि म्हणायची, "सरक." एरवी ती ताईंना अहो-जाहो करी, पण लॅबमध्ये या एका शब्दाला लहानमोठं नव्हतं. वाजवणारीने खुर्ची द्यायची, येणारीने बघायचं, मग दोघींनी यथेच्छ भांडायचं.

मग साहेबांनी भिंतीवर स्क्रीन लावला. कोणी किती स्लाइड्स उरकल्या ते दिवसभर झळकू लागलं. पेन्सिली गप्प झाल्या. दुसरीची स्लाइड बघायला उठायचं म्हणजे आपण मागे पडायचं. भिंगरी नावाप्रमाणे सुसाट सुटली, कायम पहिली. ताई तळाशी.

"ताई, डोळा लागला की काय?" सकाळीच साहेबांनी टोमणा मारला होता. "असंच चाललं तर उद्यापासून बाटल्यांना लेबलं लावायला बसा."

स्लाइडवरच्या चिठ्ठीत बाईचं वय होतं. ताईंच्या लेकीएवढंच. त्यांचं बोट 'नॉर्मल'च्या बटणावर गेलं, रेंगाळलं, मागे आलं. त्यांनी पेन्सिल उचलली.

टक टक.

एकही मान वर झाली नाही. ताईंना स्वतःचीच लाज वाटली. तेवढ्यात शेजारची खुर्ची करकरली.

"सरक."

भिंगरी बराच वेळ बघत राहिली.

"नॉर्मल नाहीये हे."

"मलाही तसंच वाटलं."

"मग बोलावलंत कशाला?"

"म्हटलं, तू भांडशील."

भिंगरी हसली नाही. आपल्या जागी गेली. पर्समधून रुमालाची घडी काढली, उलगडली आणि आतली स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली.

"ही कुठली गं?"

"गेल्या आठवड्यातली. नॉर्मल म्हणून रिपोर्ट गेला. रोज घरी नेते, रोज परत आणते. तुम्हाला विचारायला उठणारच होते, पण..."

तिने स्क्रीनकडे पाहिलं. तिचं नाव अजूनही सगळ्यात वर होतं.

ताईंनी चष्मा पुसला आणि त्या तिच्या खुर्चीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"सरक," त्या म्हणाल्या.