अँटेनाचा बांबू

"आलं का चित्र, मामंजी?"

"मुंग्याच हायत्या. जरा मेढा गावाच्या अंगाला फिरव की."

घरामागच्या शिडीच्या वरच्या पायरीवर उभ्या राजनंदिनीने अँटेनाचा बांबू फिरवला. डोंगराआडच्या या गावात बांबू कोणीतरी धरून ठेवला तरच चित्र ठरायचं, आणि सासऱ्यांना, म्हणजे नाथाजींना, दुपारी जेवल्यावर टीव्ही लागायचाच. धरणार कोण? घरात सून असताना हा काय प्रश्न झाला?

त्या वेळी लागायचा कॉलेजचा धडा, इंग्रजीतून. साऱ्या देशासाठी. फी नाही, नाव घालायला नको. नाथाजींना त्यातलं अक्षर कळत नसे. हत्ती-बित्ती दिसले की खूश. राजनंदिनीला मात्र तो धडा हवा होता. बारावीच्या परीक्षेआधीच तिचं लग्न उरकलं होतं, आणि या फेब्रुवारीत बाहेरून बसायचंच असं तिने ठरवलं होतं. म्हणून तिने एक कौल हळूच सरकवलं होतं. बांबू धरायचा नि भोकातून खाली बघायचं. नद्या समुद्राला मिळताना तिला उलट्या दिसत. मास्तर भरभर बोलायचे. शब्द निसटला की "परत सांगा की," असं ती पुटपुटायची. मास्तर कसले थांबतात. तरी दिवसातला तेवढाच वेळ तिला आपला वाटे.

दिवाळीला नवरा, जयराज, पलटणीतून रजेवर आला. बायकोला उन्हात शिडीवर बघून त्याचा जीव तुटला. साताऱ्याहून त्याने बांबूऐवजी लोखंडी पाइप आणला, सिमेंटात पक्का गाडला, सरकलेलं कौलही जाग्यावर बसवलं.

"ऱ्हाऊ द्या की बांबू. मला तिथनं धडा दिसतो," ती म्हणाली.

"येडी हायस का? आता खाली बसून निवांत बघ की."

बरोबरच होतं. तिलाही हसू आलं. त्याची रजा संपेपर्यंत ती पुढच्या सोप्याच्या दाराशी बसून धडा बघत होती, अगदी सुलटा.

जयराज गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूने, शालूबाईंनी, भाकरीची पाटी पुढे ठेवली.

"आता अँटेना धरायचं काम ऱ्हायलं न्हाई. मळ्यातल्या गड्यांची दुपारची भाकरी तूच नेत जा. माझं गुडघं लय दुखत्यात."

"आत्याबाई, त्याच वक्ताला धडा असतो. परीक्षा हाय माझी."

"मग बघ की गं. कोण नको म्हणतंय? भाकरी देऊन ये नि बघ."

मळ्यातून परत येईपर्यंत धडा संपून जाणार. पण शालूबाईंचे गुडघे खरंच सुजले होते. राजनंदिनीला संताप आला, आणि तो काढावा कोणावर तेच कळेना. ती मागे गेली, शिडी चढली, पाइप दोन्ही हातांनी धरून जोर लावला.

"काय चाललंय गं वर?" शालूबाईंनी खालून विचारलं.

"बघतीय, हलतोय का."

"न्हाई हलायचा. जयराजनं बसवलाय."

ती उतरली. पाटी डोक्यावर घेऊन सोप्यासमोरून जाताना तिला आतलं चित्र लख्ख दिसलं. मास्तर फळ्यापाशी उभे राहून शिकवत होते. समोर नाथाजी तोंड उघडं टाकून घोरत होते.