लंकेची काळी वाळू

रोहणा गावच्या पारापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. सत्तावन सालचा पोळा नुकताच झाला होता. पारावर कुठूनसा आलेला एक बाबा बसला होता. मांडीवर पितळी ताट, ताटात मूठभर काळी वाळू. जळालेल्या लंकेची ही राख समुद्राने सांभाळून ठेवली, असं तो सांगे. तो पुटपुटू लागला की वाळूचे कण केसांसारखे उभे राहत आणि समोर बसलेल्या माणसाकडे सरकू लागत. वाळू आली की रोग निघाला म्हणायचं.

आम्ही कोणी समुद्र पाहिला नव्हता. आमची वाळू नाल्यातली, भुरकी. शिवाय ताट बाबाचं नसे. दुखणं ज्या घरात, तिथल्या बाईच्या लग्नात आलेलं पितळी ताट तो मागे. "माही झोळी पाहा, हात पाहा. ताट तं तुमच्याच घरचं आहे." आपल्याच ताटावर कोण संशय घेणार? लोखंडाचं मात्र नको, लोखंडाने देव बाटतो, असं तो बजावे.

मी शाळेसाठी कांताताईकडे राहत होते. भाऊजी पुलगावला कामाला. ताईचा माणिक दोन वर्षांचा. त्याला मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, भरला होता. या तापावर आर्वीच्या दवाखान्यात औषध मिळत होतं. पण बाबाची अट होती: सात दिवस दवाखाना नाही, आणि घरात कोणी शंका काढली तर वाळू निजते.

मला शंका होती. आमचे किसनमामा पलटणीत होते, लढाईनंतर जावा बेटावर राहून आले होते. तिथला काळा किनारा त्यांनी पाहिला होता. मी ताईला म्हटलं, "ताई, मामा सांगत होते ती हीच वाळू. लंकेची राख नाही."

"चूप राय. तुह्या शंकेनं माह्या लेकराले काही झालं तं?"

मी तेरा वर्षांची होते. चूप राहिले.

रोज सकाळी वाळू ताईकडे सरकत आली. रोज ती हसत घरी आली. सहाव्या दिवशी दुपारी माणिक गेला. घरात कोणाच्या तरी मनात किंतू होता, असं बाबाने भरल्या पारावर सांगितलं. ताईने माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही, आणि माणिकला मीच मारलं असं मी धरून चालले.

माणिक गेल्याच्या तिसऱ्या दिवशी अल्लीपूरहून मामा आले. माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं. शाळेच्या कपाटातला लोहचुंबक बंडोपंत मास्तरांकडून मागून घेतला आणि ताईला, मला घेऊन ते पारावर गेले.

"महाराज, ताट खाली ठेवा. लंकेची वाळू आहे, जमिनीवरबी चालन."

बाबा म्हणाला, देवाला अंगाची ऊब लागते.

"मंग माह्या मांडीवर ठेवा. मीबी काही मेलो नाई अजून."

लोक हसले, आणि त्यांच्यातल्याच कोणीतरी ताट उचललं. वाळू आडवी पडली. बाबाच्या धोतराखाली, गुडघ्याला, रेडिओच्या भोंग्यातला चुंबक बांधलेला निघाला.

मग मामांनी समजावलं. काही बेटांवर डोंगर आग ओकतात. वितळलेला दगड समुद्रात पडला की तडकून भुगा होतो. उरलेला लाटा दळत राहतात. त्यातले लोखंडाचे कण चुंबकाकडे धावतात, पितळ त्यांना अडवत नाही. तिथेच काही किनारे पांढरेही असतात. ती वाळू पोवळ्यांची आणि शिंपल्यांची. मासे पोवळं चावतात आणि वाळू हगतात. शेवटी मामांनी चुंबक पाराजवळच्या नाल्यातल्या वाळूत फिरवला. त्याला काळ्या मिशा फुटल्या. आपली काळी माती ज्या दगडाची झाली, तोही कधीकाळी असाच वितळून पसरलेला, ते म्हणाले.

तेवढ्यात बाबा सटकला, लोक त्याच्यामागे धावले. ताई पारावरच बसली. तिने ताटाखाली चुंबक धरला आणि आपल्याकडे ओढला. वाळू तिच्याकडे आली. तिने ती बोटाने मागे लोटली, पुन्हा ओढली. असं कितीतरी वेळ.

"तू सांगत होती न मले," ती म्हणाली.

मी एकदाच सांगितलं होतं. पुन्हा सांगायला हवं होतं, मोठ्याने. आज सत्तर वर्षं होत आली, तेवढं मनातून जात नाही.

म्हणून हे लिहिलं. शंका काढल्याने कोणाचं लेकरू मरत नाही. घरातल्या पोरीने शंका काढली तर तिला चूप करू नका. ताट उचलून खाली काय आहे ते पाहा. आणि त्याच्याही आधी लेकराला दवाखान्यात न्या.