चिरुटांच्या कारखान्यातला तिसरा भाग

मी एक जुना तिसरा भाग आहे, ‘धुक्यातले जादूगार’ या सात भागांच्या कथामालेतला. सातही भावंडांत मीच सरस, असं वाचणारे म्हणतात. मी ते मनावर घेत नाही. पण खोटंही म्हणत नाही.

मित्रांनो, माझ्या मालकीण ओदालिसबाई क्यूबातल्या पिनार देल रिओ गावी, चिरुटांच्या कारखान्यात वाचक होत्या. तिथे माणसं लाकडी पाटांवर तंबाखूची पानं वळत बसतात आणि एकजण उंच चौथऱ्यावरून त्यांना वाचून दाखवतो. कोणतं पुस्तक वाचायचं, ते कामगारच हात वर करून ठरवतात. माझं नाव निघालं तेव्हा ‘हे तर मुलांचं पुस्तक’ म्हणून बरेच हसले. उद्या अंगाईसुद्धा म्हणाल, असं एकीने बाईंना चिडवलं.

तेव्हा म्हातारा एलुतेरिओ उठला. “माझ्या नातीनं वाचलंय. शेवट विचारला तर म्हणते, आजोबा, तुम्हीच वाचा. पण माझ्या या थकल्या डोळ्यांनी मी काय वाचू? पुढच्या शुक्रवारी मी कामावरून निवृत्त होतोय. त्याआधी ऐकवा.”

हात वर गेले.

माझ्या गोष्टीत एक वृद्ध जादूगार आपले सगळे मंत्र विसरतो आणि त्याची शिष्या नेरेआ ते शोधायला धुक्यात शिरते. हसणारे दोन दिवसांत गप्प झाले. गुरुवारी नेरेआ वाट चुकली. बाईंचा आवाज चढला, वाचन धावू लागलं आणि ऐकणाऱ्यांची बोटं पानं आवळत गेली. संध्याकाळी चिरूट तपासले, तर ते इतके घट्ट की धूर ओढलाच जाईना. टोपलीभर माल बाद झाला. मुकादम रिगोबेर्तोने मला बाईंच्या हातातून ओढून घेतलं. माझं शेवटचं पान अर्धं सुटलं. उद्यापासून फक्त वर्तमानपत्र, असं तो म्हणाला.

एलुतेरिओने बाद झालेला एक चिरूट उलगडून पाहिला.

“रिगो, पुस्तकाला कशाला बोलतोस? आमची बोटं बाईंच्या मागून चालतात. बाई धावल्या, आम्ही धावलो.”

बाईंनी चूक कबूल केली आणि एकच सकाळ मागितली. मुकादम कुरकुरला, पण त्याने मला परत दिलं.

शुक्रवारी बाईंनी ओसरीवरची झुलती खुर्ची हलावी तशा संथ लयीत वाचलं. नेरेआला धुक्यात काहीच सापडलं नाही. ती रिकाम्या हातांनी परतली, गुरूच्या उशाशी बसली आणि त्यानेच शिकवलेले मंत्र त्याला एकेक करून ऐकवू लागली. तो तिच्यामागून म्हणू लागला. एलुतेरिओचे डोळे भरून आले, पण बोटं थांबली नाहीत.

दुपारी तपासणी झाली. एकाही चिरुटात धूर अडला नाही. मग साऱ्यांनी पानं कापायच्या सुऱ्या पाटांवर वाजवल्या. आवडलं, हे सांगायची तिथली तीच रीत. रिगोबेर्तोने पाटावर बोट वाजवलं, एकदाच.

निघताना एलुतेरिओने मला मागून घेतलं आणि चिरुटाचं टोक चिकटवायच्या डिंकाने माझं सुटलेलं पान जोडलं.

त्याला किती वर्षं झाली! आता मी फडताळात असतो. दमट हवेने माझी पानं फुगली आहेत, कडा पिवळ्या पडल्या आहेत. पण ते शेवटचं पान अजून घट्ट आहे, मित्रांनो. तुमच्या घरी कुणाचे डोळे थकले असतील, तर माझ्यासारख्या एखाद्याला खाली काढा. त्यांच्याशेजारी बसा आणि सावकाश वाचा.